तीन सूत वाकडं

विरारजवळच्या नंदाखाल गावातले आमचे घरमालक खिशाला पेन लावावं तशी पाणसळ लावत. वीतभर लांबीची पितळी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की खालची वस्तू सपाट. नाही आला, तर वस्तूची आणि वस्तूच्या मालकाची धडगत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्ही कुठले, कोण, नोकरी कुठे, काही विचारलं नाही. टेम्पोतून उतरलेल्या माझ्या नव्या लोखंडी कपाटावर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "कपाट समुद्राकडे कललंय."

"म्हणजे?"

"म्हणजे दार आपोआप उघडणार. तुमची बायको घाबरणार. तुम्ही मला हाका मारणार. त्यापेक्षा आत्ताच पुठ्ठा लावा."

पुठ्ठा लावला. मग भिंतीवर गणपतीची तसबीर लावत होतो, तर तिथेही हजर. मी जरा जपूनच म्हणालो, "काका, देवाचं आहे."

"देव तुमचा, भिंत माझी," ते म्हणाले. "डावीकडे एक सूत वर घ्या."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जगातली प्रत्येक गोष्ट ते सुतात मोजत. मुंबईच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावच्या केळीच्या वाडीत परतले, पण कंपनी त्यांच्या हातातून निवृत्त झाली नव्हती. गावात सगळे त्यांना फिटरच म्हणत. संध्याकाळी लोक ओट्यावर बसून गप्पा मारतात, हे वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ करत बसायचे. ते खिळे पुन्हा कुठे वापरलेले मी पाहिले नाहीत. डबे भरून नुसते सरळ खिळे.

काका ख्रिस्ती; रविवारी कधीकधी मीही त्यांच्याबरोबर चर्चला जायचो. एका रविवारी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर त्यांनी फादरना गाठलं. वेदीवरचं डावं मेणबत्तीदान कललंय म्हणाले. फादर शांत माणूस. म्हणाले, "असू दे, देवाला चालतं."

"देवाला चालत असेल, मेणाला नाय चालत. एका बाजूनं गळतंय बघा."

फादरनी वाकून पाहिलं. खरंच एका बाजूने गळत होतं. पुढच्या रविवारी मेणबत्तीदानाखाली दुमडलेला कागद दिसला, आणि आमचे काका पहिल्या बाकावर असे बसले होते, की जणू आजचं प्रवचन आपल्यावरच आहे.

माझ्यावर त्यांचा विशेष राग होता, कारण मी सगळ्या बाजूंनी कललेला. भांग वाकडा, सही वाकडी, उभा राहिलो तर एका पायावर. शिवाय घाटावरचा. मासा साफ करता येत नाही, केळीचं पान न फाडता कापता येत नाही. माझा उपयोग काय, हे त्यांना दोन वर्षं सापडलं नव्हतं. तो उपयोग कसा सापडला, तेच सांगायचंय.

त्यांच्या वाडीत बावखळ होतं. बावखळ म्हणजे तिकडे वाडीत खोदतात ते तळं; त्याचं पाणी केळीला, माडाला. काका त्यात गळ टाकून मरळ धरायचे. धरायचे म्हणजे धरायला बसायचे. उघड्यावर बसलं की माशाला माणसाची सावली दिसते, या सिद्धांतावर त्यांनी पत्र्याचं एक खोपटं बांधलं होतं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, बाजूला छोटी जाळीची खिडकी, तळाला भोक. खाली स्कूटरची दोन चाकं, पुढे ओढायला दांडी. आज या बावखळाच्या काठावर, उद्या शेजारच्या. निम्मं खोपटं पाण्यावर पुढे काढायचं, बांबूचा टेकू द्यायचा, आत स्टुलावर बसायचं आणि भोकातून गळ सोडायचा. बाहेरून माणूस दिसायचा नाही, जाळीमागे नुसती विडी चमकायची.

काकी त्याला कुमसाराची पेटी म्हणायच्या. कुमसार म्हणजे चर्चमध्ये फादरपुढे पापं कबूल करणं. तिथेही अशीच जाळीची खिडकी असते. "गेला पेटीत," काकी चुलीपाशी बसून ओरडायच्या, "पापं इतकी हायत का एक मासा बाहेर येत नाय!"

काकी म्हणजे घराचा आवाज. अंगाने भरभक्कम, बोलायला त्याहून. आपसात ते त्यांच्या घरच्या बोलीत भांडत, ती मला कळत नसे. पण मला साक्षीदार करायचं असलं की दोघं साध्या मराठीवर येत. काकी काकांना सरळ 'अरे' म्हणत. ते ऐकून माझ्या बायकोने आठवडाभर आरशासमोर तालीम केली. एकदा म्हणालीही, "अरे, भाजी आण." मी इतका दचकलो की खरंच भाजी आणली.

काकींची एकच दुखरी जागा होती: वजन. कोणी "काकी, तब्येत सुधारली हां" म्हटलं, की त्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक पिवळं पडलेलं तिकीट काढायच्या. स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या वजनकाट्याचं, लग्नाच्या वर्षीचं. पंचावन्न किलो. मागे भविष्य: आपण दयाळू व निश्चयी आहात. "हे काय मी छापलंय?" त्या विचारायच्या. तिकीट कितव्या सालचं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

तर काकी विहिरीच्या थारोळ्यावर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, पाय तीन-चार महिने सरळ ठेवायचा, दुमडायचा नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत जवळच्या निर्मळ गावात काकींच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. ही मुलगी काकींच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून वेणीफणीपासून चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या झग्यापर्यंत सगळं काकींनी केलं. त्यांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला जायची पद्धत. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, उंबराची डहाळी घालून हंडा भरून आणतात, त्या पाण्याने नवरीची आंघोळ. हंड्याला पहिला हात आत्याचा. आत्या एकच.

काकी म्हणाल्या, "मी गेली नाय तर तो हंडा कोणी उचलायचा नाय." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. बडबडणाऱ्या बाईने दोन दिवस भिंतीकडे तोंड केलं, की घर कसं होतं ते मी तेव्हा पाहिलं. काका खिळेसुद्धा ठोकेनात.

उपाय सगळ्यांनी सुचवले. रिक्षात पाय सरळ राहीना. ॲम्ब्युलन्स म्हटलं, तर काकी म्हणाल्या, "लग्नाला ॲम्ब्युलन्स? लोकांना वाटेल जेवणातच कायतरी झालं." मी म्हणालो, चार जण खुर्चीवरून उचलून नेऊ.

काकींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "चार माणसं? ती वेळ अजून यायची हाय बाबा. थोडा दम धर."

त्या दिवशी दुपारी काकांनी खोपटं बावखळावरून ओढत अंगणात आणलं.

पाण्याकाठी राहून खालची लोखंडी चौकट सडली होती. काकांनी पत्रा उतरवला, चौकट कापून टाकली, नवीन अँगलची चौकट जोडली. तळाचं भोक बुजवलं, आत पाय लांब करून बसता येईल अशी गादीची आरामखुर्ची बसवली. तीन दिवसांत हे सगळं. मग आला एक्सल, आणि तिथे माणूस अडकला.

एक्सलला त्यांनी पाण्याचा जुना पाइप घेतला होता. मला समजावण्यासाठी त्यांनी माडाची एक हीर घेतली, कच्च्या केळ्याच्या दोन चकत्या कापून तिच्या दोन्ही टोकांना खोचल्या. "ही चाकं. आता मधे बोट दाबा."

मी दाबलं. हीर मधे वाकली, आणि चकत्या वरून आत, खालून बाहेर फाकल्या.

"वजन बसलं की पाइप असाच वाकणार. चाकं फाकणार. फाकली की गाडी फरफटणार, टायर घासणार, आतल्या माणसाला हिसके. आणि हिच्या पायात पट्टी."

"मग?"

"मग रिकामी असतानाच उलटी वाकडी जोडायची. खालून आत, वरून बाहेर. वजन पडलं की सरळ होणार."

"मग जोडा की!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना चर्चचं मेणबत्तीदान पळवायला सांगतोय. या माणसाने आयुष्यात वाकडं काही जोडलं नव्हतं. वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायचे, काच डोळ्यांपुढे धरायचे, आणि हात आपोआप पाइप सरळ करायचा. दोनदा जोडलं, दोनदा नव्वद अंशात. दोन्ही वेळा छिन्नीने तोडलं. शेवटी खिडकीतून काकी ओरडल्या, "जोड रे वाकडं! कोण तुला फाशी देत नाय!"

तिसऱ्यांदा त्यांनी मान एका बाजूला कलती केली, म्हणजे वाकडं सरळ दिसेल अशी, आणि पाइपच्या दोन्ही टोकांना चाकांचे दांडे नुसते टाके मारून धरले. माप ठरलं की मग पक्कं करायचं. पण माप वजनावर. त्यांनी खडू घेतला, घसा साफ केला आणि खिडकीकडे तोंड करून अगदी कारखान्याच्या आवाजात विचारलं, "वजन किती?"

मी माझ्या चपलेचा अंगठा तपासायला घेतला.

"पंचावन्न," खिडकीतून आलं. "तिकीट हाय."

काका खाली वाकले. मग चौकटीवर ठळक लिहिलं: ५५ किलो. आणि मोठ्यानं म्हणाले, "पंचावन्नला दोन सूत वाकडं बस झालं. जास्त बसलं तर फाकणार, सांगून ठेवतो." मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "तुमचं किती?"

"ब्याऐंशी. का?"

"हळू बोला. आत बसा."

"पण काका, पंचावन्नला—"

"बसा ना ओ!"

मी बसलो. काका खाली आडवे झाले, चाकाला ओळंबा लावला, म्हणजे दोरीला टांगलेलं शिशाचं वजन, ते सरळ उभी रेघ दाखवतं. ठोकलं, पाहिलं, पुन्हा ठोकलं. दोन तास मी त्या पेटीत पाय लांब करून, काकींच्या खिडकीतून दिसणार नाही असा बसलो होतो. माझी बायको कपडे वाळत घालायला आली, पाहिलं, काही न विचारता गेली. शेवटी काका म्हणाले, "ओळंब्यात आलं." मी पलीकडच्या बाजूने उतरलो तशी दोन्ही चाकं पावलं जुळवून कोपरं फाकवलेल्या माणसासारखी झाली. काकांनी मापलं. तीन सूत.

माझी ट्यूब तेव्हा पेटायला हवी होती. पेटली नाही. मला वाटलं, फिटर माणूस, मजबुतीसाठी थोडं जास्त धरत असेल.

खिडकीतून काकी म्हणाल्या, "अरे, वाकडीच केलीस की शेवटी!"

"वाकडी नाय," काका पाइपवर वाकून म्हणाले. "तू बसायची वाट बघतायत."

उंबराच्या पाण्याच्या दिवशी दुपारनंतर आम्ही निघालो. काकींनी जरीची साडी नेसली होती, अंबाड्यात अबोलीची वेणी. दांडीला डाव्या बाजूला काका, उजव्या बाजूला मी. नंदाखालहून निर्मळपर्यंत दोन्ही बाजूंना केळी, मधे अरुंद रस्ता. लोक सायकली थांबवून बघत. काकी जाळीतून हात हलवत. कोणी म्हणे, "फिटर, मरळ मोठी गावली!" तर काका उत्तर देत नसत, त्यांचं सगळं लक्ष चाकाकडे.

आणि काय चाललं होतं ते चाक! आवाज नाही, हिसका नाही, फरफट नाही. मला तर माझीच वाहवा करावीशी वाटली. बँडचा आवाज ऐकू यायला लागला होता, विहीर दोन वळणांवर होती, तेवढ्यात आतून काकींनी विचारलं, "काय रे बाबा, चाकं कशी हायत?"

मी अभिमानाने वाकून पाहिलं. "काकी, एकदम सरळ! ओळंबा धरून घ्या! जरासुद्धा फाकली नाहीत!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. कपाटाच्या वेळीही नाही.

मग काकींचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. "थांबव."

आम्ही थांबलो.

"पंचावन्नला दोन सूत, तू म्हणालेलास. जास्त बसलं तर फाकणार."

काका चाकाकडे बघायला लागले.

"नाय फाकली. म्हणजे तू जास्त धरलंस. किती धरलंस?"

चाळीस वर्षं फिटरबरोबर संसार केलेली बाई. चाकं फाकली असती, तर रस्ता खराब म्हणून निभावलं असतं. ती सरळ चालली, हाच पुरावा झाला. आणि तो पुरावा मी, ओरडून, बँडच्या सुरात सादर केला होता.

"मला घरी ने," काकी म्हणाल्या. "नाय उचलायचा मला हंडा. परत फिरव."

पुढे बँड एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होता. आत्या कुठे म्हणून दोन बायका वळणापर्यंत येऊन बघून गेल्या. काकांनी दांडी खाली ठेवली. बाजूला जाऊन जाळीच्या खिडकीपाशी उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली. असा माणूस मी चर्चमध्ये खूपदा पाहिला होता. फक्त तिथे पेटीत फादर असतात.

"लिहिलंय पंचावन्नच," काका जाळीला म्हणाले. "तीस वर्षं कंपनीत एक माप खोटं लिहिलं नाय. हे लिहिलं. तुझ्यापायी."

"आणि धरलं किती?"

"अगं, हास्पिटलातनं आल्यापासून रोज उचलतो तुला. हाताला कळतं ना. पाय हिसकला असता तर?"

"किती?"

"ब्याऐंशी."

"कशावरून ब्याऐंशी? काय ठेवलंस आत?"

काकांनी नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जाळीमागून काकींनीही पाहिलं. मी घामाघूम, शर्ट बाहेर आलेला, पोट दांडीवर टेकलेलं, एका पायावर उभा.

"हा?" काकी म्हणाल्या. "ह्याच्याएवढी हाय मी?"

"काकी, तुमच्यावर शोभून दिसतं," असं काहीतरी बोललो. ते बोलायला नको होतं, पण वाक्य सुटलं होतं.

आधी पेटीतून एक घुसमटलेला आवाज आला. मला वाटलं रडतायत. मग अख्खं खोपटं गदगदा हलायला लागलं. काकी हसत होत्या. पत्रा वाजत होता, अबोलीची वेणी जाळीवर आपटत होती, आणि त्या मधेमधे जाळीतून माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा हसत होत्या. काका पटकन खाली वाकले. चाकं बघायला. हलत्या वजनातसुद्धा सरळ होती.

"ब्याऐंशी नाय," हसणं ओसरल्यावर काकी म्हणाल्या. "एक्याऐंशी. ह्याच्यापेक्षा एक किलो तरी कमी धर."

"एका किलोला माप बदलत नाय."

"तोंडानं तरी बोल ना, मेल्या!"

"एक्याऐंशी," काका म्हणाले, आणि टोपी घातली.

त्या दिवशी हंड्याला पहिला हात काकींचाच लागला. खोपटं विहिरीच्या कठड्याला टेकवलं, काकींनी आतूनच दोन्ही हात बाहेर काढून हंडा धरला, आणि नवरी बाहेरून त्यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा आणखी पन्नास किलोंनी चाकं जरा फाकली. काकांनी तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं. लग्नात मात्र मला जो तो विचारत होता, "ते ब्याऐंशीवाले तुम्हीच का?"

पुढे आम्ही विरारला फ्लॅट घेतला. फ्लॅटची एकही भिंत सरळ नव्हती, पण सांगणारं कोणी नव्हतं. काकी बऱ्या झाल्या, चालल्या, फिरल्या, आणि काही वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मी मातीला गेलो होतो. नंतर जाणं लांबत गेलं.

वर्षाने गेलो, तर घरात सगळं तसंच. तसबिरी ओळंब्यात, डबे भरून सरळ खिळे. आणि अंगणात, दारासमोर, येता-जाता नजर पडेल अशा जागी ते खोपटं. रिकामं. चाकं खालून आत, वरून बाहेर, तीन सूत वाकडी. चौकटीवरचे खडूचे पंचावन्न त्यांनी ऑइलपेंटने गिरवून पक्के केले होते.

शेजारचा एक जण जाता जाता म्हणाला, "फिटर, चाकं सरळ करून घ्या की. घड वाहायला होईल."

"माहीत हाय," काका म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी मला खालीवर पाहिलं. "आत्ता किती?"

"त्र्याण्णव," मी कबूल केलं.

"बसा बघू."

मी बसलो. चाकं फाकली. काकांनी ओळंबा गुंडाळून ठेवला. "अकरा किलो कमी करून या," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

मी भात सोडला, रोज पहाटे चालायला लागलो. बायकोला वाटलं, माझं बाहेर काहीतरी आहे. दहा महिने लागले. ब्याऐंशीवर काटा आला त्या रविवारी सकाळी नंदाखालला गेलो. काकांनी काही विचारलं नाही. पेटीचं दार उघडलं, मी आत जाऊन पाय लांब केले. ते खाली बसले, दोरी सोडली, शिशाचं वजन हलायचं थांबेपर्यंत थांबले.

"आलं?" मी जाळीतून विचारलं.

"आलं."

माझे पाय मुंग्यांनी भरत चालले होते. मी दाराकडे सरकलो.

"उतरू नका," काका खालून म्हणाले. "जरा वेळ बसा."